स्पेस माउंटन: ४५ च्या स्पीडला किंचाळणारी माणसं

आकाशकंदील:
फ्लोरिडात राहणाऱ्या मराठी माणसाच्या नशिबी एक काम कायमचं लिहिलेलं असतं, भारतातून आलेल्या पाहुण्यांना ऑर्लॅंडोला फिरवून आणणं. त्यामुळे तिथल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कमधलं स्पेस माउंटन, म्हणजे बंद डोंगरात अंधारात पळणारी रोलर कोस्टर, मी उगाचच खूप वेळा केलंय. आणि बाहेर आल्यावर प्रत्येक जण हमखास एकच प्रश्न विचारतो, "कितीचा स्पीड असेल रे? शंभर तरी असेलच ना?"

तर नाही. ताशी साधारण ४५ किलोमीटर. बस. आपली लाल डब्याची एसटी मोकळा रस्ता मिळाला की याच्यापेक्षा जोरात पळते. सगळ्यात मोठी उडी म्हणाल तर २६ फुटांच्या आसपास, लूप नाही, उलटं होणं नाही, अडीच मिनिटांत खेळ खल्लास. तरी धडधाकट माणसं आत जाऊन बोंबा मारतात. माझं स्पष्ट मत असं की ही राइड कोस्टर म्हणून सामान्यच आहे, तिथे विकला जातो तो अंधार, आणि तो अंधार तयार करायला त्यांना दहाएक वर्षं लागली. त्याच्यावरच हा धागा.

मुळात कल्पना खुद्द वॉल्ट डिस्नेची. १९५९ ला कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलॅंडमध्ये मॅटरहॉर्न सुरू झालं, आत बोगदे असलेला खोटा डोंगर आणि त्यावरून घसरणाऱ्या बॉब्स्लेड. नळीच्या आकाराच्या पोलादी रुळावर चालणारी जगातली पहिली कोस्टर ती, अ‍ॅरो डेव्हलपमेंट नावाच्या कंपनीने बनवलेली. त्याच्या आधी कोस्टर म्हणजे लाकडी सांगाडा आणि खडखडाट. नळीचे रूळ हवे तसे वाकवता येतात म्हटल्यावर वॉल्टच्या डोक्यात आलं की आता अवकाशातली राइड करू. १९६४ च्या सुमाराला डिस्नेच्या डिझायनर जॉन हेंचने स्केचेस काढली, तेव्हा नाव होतं स्पेसपोर्ट. काळ बघा ना, सगळी अमेरिका चंद्राच्या मागे लागलेली.

पण घोडं अडलं कॉम्प्युटरवर. काळोखात एकाच रुळावर एकामागून एक गाड्या सोडायच्या आणि त्या एकमेकींवर आदळू द्यायच्या नाहीत, हे सांभाळेल अशी यंत्रणा त्या वेळी परवडणाऱ्या किमतीत आणि मापात नव्हतीच. डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट गेला. १९६७ ला डिस्नेलॅंडचं टुमॉरोलॅंड, म्हणजे भविष्याच्या थीमचा भाग, नवं करकरीत करून उघडलं पण त्यात ही राइड नव्हती. मग १ ऑक्टोबर १९७१ ला फ्लोरिडाचा पार्क उघडला, आणि लोकांची तक्रार सुरू झाली की मोठ्या पोरांसाठी इथे थरारक असं काही नाहीच. तेव्हा कुठे फाइल परत वर आली. आरसीए कंपनी, टीव्ही रेडिओवाली, तिने १ कोटी डॉलर घातले आणि १५ जानेवारी १९७५ ला स्पेस माउंटन उघडलं. रुळांचं इंजिनिअरिंग बिल वॉटकिन्सचं, रॉकेटच्या गाड्या जॉर्ज मॅकगिनिसच्या.

त्या इमारतीकडे मात्र नीट बघा हं. पांढरा शंकू, १८३ फूट उंच, तळाशी ३०० फूट व्यास, आणि बाहेरून वर जाणाऱ्या बरगड्या. लोकांना वाटतं डिझाइन आहे. मुद्दाम तुळया बाहेर काढल्यात हो! हेंचला आतली बाजू सपाट गुळगुळीत हवी होती, म्हणजे तिच्यावर तारे आणि उल्का प्रोजेक्ट करता येतील. तुळया आत असत्या तर प्रत्येक तारा मध्येच मोडला असता. अशा ७२ काँक्रीटच्या बरगड्या आहेत, जागेवरच ओतून क्रेनने उभ्या केलेल्या.

बाकी अनुभव लिहा आपापले. फोटो नाहीत कारण अंधारात काय काढणार, कप्पाळ.

खट्याळ_मंगळ:
पहिला!! वाचून मग लिहितो.

खट्याळ_मंगळ:
वाचलं. उल्का म्हणे. छतावर जे फिरतं ते चॉकलेट चिप बिस्किटांचे फोटो आहेत अशी दंतकथा आमच्या कंपनीतले अमेरिकन लोक शपथेवर सांगतात. मी रांगेतून वर मान करून बघत होतो आणि खरं सांगू, भूक लागली.

मोरपीस:
मस्त धागा. मला एक विचारायचंय, डिसेंबरात जायचंय, मुलगा सहा वर्षांचा आहे, उंचीने बेताचाच. घेतील का आत? आणि सासूबाई पण "मी पण बसणार" म्हणतायत, त्यांना कसं थांबवायचं ते पण सांगा.

आकाशकंदील:
@मोरपीस, फ्लोरिडात ४४ इंच लागतात, म्हणजे ११२ सेंमी. दारातच पट्टी लावलेली असते आणि तिथे गोड बोलून, रडून, कशानेच काम होत नाही. घरून मापून जा नाहीतर भर पार्कात भोकाड पसरेल. सासूबाईंचं मात्र तुमचं तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही.

सासवडकर:
सासूबाईंना अजिबात बसवू नका. स्पीड कमी असला म्हणून काय झालं, वळणं फार तुटक आहेत आणि पुढचं दिसत नसल्यामुळे अंग आधीच सावरता येत नाही, त्यामुळे मानेला आणि कमरेला हिसके बसतात. माझ्या आईला मी "काही नाही गं, झुकझुक गाडी आहे" असं सांगून घेऊन गेलो होतो. तिथल्या गाडीत एकामागे एक बसायचं असतं, शेजारी कोणी नाही, हात धरायलाही कोणी नाही. ती पुढच्या सीटवर, मी मागे. सुरुवातीचा तो निळे दिवे चमकणारा बोगदा आला तेव्हा "वा, छान आहे" म्हणाली, मग साखळीने गाडी वर चढायला लागली, बाजूला अंतराळवीरांचे पुतळे यानाची दुरुस्ती करताना दिसतात ते पण कौतुकाने बघितले. वर पोचल्यावर काळोख झाला आणि पहिल्या वळणापासून शेवटच्या ब्रेकपर्यंत सलग रामरक्षा. तीही एवढ्या स्पीडने की राइडपेक्षा आधी संपली, मग पुन्हा पहिल्यापासून. बाहेर आल्यावर दोन तास माझ्याशी बोलली नाही आणि सासवडला परत गेल्यावर सगळ्या गल्लीला सांगितलं की मी चंद्रावर जाऊन आले.

निळावंती:
@सासवडकर 😂😂 आईंना दंडवत.

सुरुवातीला तर याहून गंमत होती. फ्लोरिडातल्या मूळच्या रॉकेटमध्ये एकाच्या पुढ्यात दुसऱ्याने बसायचं, अगदी मांडीशी मांडी लावून. ते पुढे १९८० च्या दशकाच्या शेवटी बदललं आणि स्वतंत्र सीटा आल्या. अनोळखी माणसाच्या पुढ्यात बसवलं नसेल कोणाला अशी आशा करू.

मी कॅलिफोर्नियावाली आहे त्यामुळे आमची बाजू मांडते. आमचं स्पेस माउंटन २७ मे १९७७ ला उघडलं, आणि उद्घाटनाला मर्क्युरी, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या मानवी अवकाशमोहिमेतले तेव्हा हयात असलेले सहाही अंतराळवीर हजर होते. अ‍ॅलन शेपर्ड, जॉन ग्लेन वगैरे. जे खरोखर वर जाऊन आले त्यांना खोट्या अवकाशात फिरवायचं, काय डोकं म्हणायचं. आमच्याकडे जागा कमी म्हणून एकच ट्रॅक, फ्लोरिडात दोन आहेत, अल्फा आणि ओमेगा. पण आमच्या गाडीत शेजारी शेजारी दोघं बसतात, ट्रॅक जास्त सलग वाटतो, खाली गोल गोल फिरत जातो आणि स्पीडही थोडा जास्त आहे, पन्नाशीच्या आसपास.

आणि डोंगर फक्त ११८ फूट. कारण आमचा राजवाडाच ७७ फुटांचा आहे, त्याच्या उरावर १८३ फुटांचा शंकू उभा केला तर राजवाडा वॉचमनच्या केबिनएवढा दिसला असता. तरी पण उंच वाटेल म्हणून खाली पंधराएक फूट खणून मग पाया घेतला. रांग आत शिरल्यावर उतार उतार लागतो तो त्याच्यामुळेच, हे मला पण नंतर कळलं.

सगळ्यात मोठा फरक म्हणजे म्युझिक. १९९६ पासून आमच्या सीटच्या मागे स्पीकर आहेत, तेव्हा डिक डेलची सर्फ गिटार वाजायची. मग २००३ ला बंद करून सगळा ट्रॅक काढला, आराखडा तोच ठेवून नवा टाकला आणि जुलै २००५ मध्ये परत उघडलं, तेव्हापासून मायकल जियाकिनोचं म्युझिक आहे. गाडी ज्या क्षणी वळते त्या क्षणी ड्रम पडतो! तुम्ही फ्लोरिडावाले स्पीकरशिवाय जाता, तुम्हाला फक्त रॉकेटची खडखड आणि मागच्याची रामरक्षा.

आकाशकंदील:
@निळावंती, म्युझिकवरून आपलं भांडण होणार. मला ती खडखडच आवडते. गाण्याच्या तालावर वळण येणार हे कानाला कळतं, मग अंधाराचा उपयोग काय? आमच्याकडे पुढे काय येतंय याचा डोळ्याला पत्ता नाही आणि कानालाही नाही. फार तर दुसऱ्या ट्रॅकवरचे लोक कुठूनतरी वरून किंचाळत जातात, ते कुठून गेले ते कळत नाही, तो आवाज सगळ्या म्युझिकच्या तोंडात मारतो.

निळावंती:
बरं. तुम्ही खडखड ऐका.

रुळावरून:
नमस्कार. मी रेल्वेत सिग्नल विभागात आयुष्य काढलं, मुलाकडे गेलो होतो तेव्हा या राइडमध्ये बसलो. कॉम्प्युटर कशाला लागला असा प्रश्न काहींना पडेल म्हणून थोडं लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

कोस्टरच्या गाडीला इंजिन नसतं. साखळीने वर न्यायचं आणि गुरुत्वाकर्षणाच्या हवाली करायचं. आता गाडीत चार दांडगे लोक बसलेत का पोरं बसलीत, सकाळची थंड चाकं आहेत का दुपारची तापलेली, यावर तीच गाडी तोच ट्रॅक कमी जास्त वेळात पूर्ण करते. म्हणजे मागची गाडी पुढचीला गाठू शकते. यावर उपाय आमच्या रेल्वेचाच आहे, ब्लॉक सिस्टिम. मार्गाचे तुकडे पाडायचे, एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी, पुढचा तुकडा मोकळा झाल्याशिवाय मागचीला सोडायचं नाही. मॅटरहॉर्नवर १९५९ ला हेच केलं, प्रत्येक तुकड्याला स्वतःचा ब्रेक, म्हणून तिथे एका वेळी एकाहून जास्त गाड्या धावू शकल्या.

आता मॅटरहॉर्न बरंचसं उघड्यावर आहे. पण बंद डोंगरात, काळोखात, एकमेकांत गुंतलेले दोन ट्रॅक, त्यावर अनेक रॉकेटं, तिथे माणसाच्या नजरेवर भरवसा ठेवताच येत नाही. रुळावर सेन्सर लावायचे, गाडी कुठल्या तुकड्यात शिरली, किती वेळात बाहेर पडली हे सतत तपासायचं, आणि ठरलेल्या वेळेत ती पुढे गेली नाही तर मागच्या सगळ्या गाड्या जिथल्या तिथे ब्रेकवर घ्यायच्या. निर्णय क्षणात, दिवसभर, आणि चूक शून्य. १९६४ साली असा कॉम्प्युटर म्हणजे एक खोली भरून कपाटं आणि किंमत कोस्टरपेक्षा जास्त. सत्तरच्या दशकापर्यंत मिनी कॉम्प्युटर आले आणि हे जमलं. एका टीव्ही कंपनीचे पैसे लागले हे खरं, पण दहा वर्षं थांबावं लागलं ते यासाठी.

माझी सून विचारत होती, बाबा घाबरलात का. मी म्हटलं, मी मोजत होतो. चढावर ब्रेकचे पट्टे दिसले तेवढे मोजले, पुढे अंधारात हिशोब चुकला.

मोरपीस:
@रुळावरून काका, हा प्रतिसाद एक नंबर. आता निदान आदळणार नाही एवढं तरी समाधान घेऊन बसेन.

कुत्सितराव:
चालू द्या. एवढा खर्च करून अमेरिकेला जायचं, उन्हात तास दीड तास रांग लावायची आणि ४५ च्या स्पीडने अंधारात फिरून यायचं. आमच्याकडे लोडशेडिंगमध्ये स्कूटरवरून हेच फुकट व्हायचं. खोपोलीला इमॅजिकात डीप स्पेस आहे, तीही बंद हॉलमध्ये, अंधारात, अवकाशाचीच थीम. सकाळी पुण्याहून निघा, रात्री घरी.

खट्याळ_मंगळ:
@कुत्सितराव, लोडशेडिंगमध्ये ब्लॉक सिस्टिम नव्हती ना पण. म्हशीवर आदळलेले लोक माहिती आहेत मला.

सासवडकर:
डीप स्पेस केली आहे, चांगली आहे, मान्य. अंधाराचं तत्त्व तेच. पण स्पेस माउंटनची मजा राइडच्या आधी सुरू होते. फ्लोरिडात तो डोंगर खरंतर पार्कच्या चारी बाजूंनी फिरणाऱ्या आगगाडीच्या रुळांपलीकडे आहे, म्हणून आत शिरलं की एका लांबलचक बोगद्यातून चालत रुळांखालून पलीकडे जावं लागतं. उजेड हळूहळू कमी होतो, हवा थंड होते, कुठूनतरी बारीक गुंजल्यासारखा आवाज येत असतो, भिंतीत काचांमागे ग्रह तारे. डोळे अंधाराला सरावतात आणि बाहेरचं ऊन विसरायला होतं. ही चाल नसती तर निम्मी राइड गेली असती. आईची पण तिथूनच जरा फाटली होती, बोलली नाही फक्त.

आकाशकंदील:
@सासवडकर, बरोबर बोललात. आणि त्या बोर्डांवर स्टारपोर्ट सेव्हन-फाइव्ह लिहिलेलं असतं, ते ७५ म्हणजे उघडल्याचं साल.

बाहेर पडताना सरकता पट्टा होता तोही एकेकाळी कार्यक्रमच होता. आरसीएने पैसे घातले ते काय फुकट? त्यांनी तिथे भविष्यातल्या घरातली दृश्यं मांडली होती, प्रत्येक खोलीत आरसीएचं एकेक उपकरण. आधी घाबरवायचं आणि पाय लटपटत असताना टीव्ही दाखवायचा. १९९३ पर्यंत त्यांची स्पॉन्सरशिप होती, मग फेडेक्सची. आता कोणीच नाही, राइडला त्याचं काही वाटत नाही.

अजून एक, ज्यांना बसायचं नाही (मोरपीस, सासूबाई!) त्यांनी शेजारची पीपलमूव्हर करा. निवांत गाडी आहे, ती थेट स्पेस माउंटनच्या पोटातून जाते. काळोखात वरून रॉकेटं जाताना दिसतात, म्हणजे दिसत नाहीत खरं, अंधुक चमकणारे पट्टे आणि किंकाळ्या एवढंच. कधी आत दिवे लागलेले असले तर मात्र सोनं. नुसता तुळयांचा आणि रुळांचा गुंता, एखाद्या गोदामासारखा, अवकाश वगैरे काही नाही. ते बघितल्यावर पटतं की अंधार बंद केला तर या राइडकडे काहीच उरत नाही.

पॅरिसची_मिसळ:
उशिरा आले धाग्यावर, पण आमचं पॅरिस कोणीच काढलं नाही म्हणून लिहितेय. तुमच्या दोघांच्या राइड पाळण्यासारख्या आहेत 😄

इथला पार्क एप्रिल १९९२ ला उघडला आणि लगेच कर्जात बुडायला लागला. १९९४ ला कर्जाची फेररचना झाली, १९९५ च्या वसंतात तिकिटं स्वस्त केली आणि १ जून १९९५ ला स्पेस माउंटन उघडलं. त्या आर्थिक वर्षात पार्कला पहिल्यांदा नफा झाला. सगळं श्रेय राइडला देता येणार नाही पण फ्रेंच लोक तिला पार्क वाचवणारी राइड म्हणूनच ओळखतात.

आणि इथे त्यांनी शहाणपणा असा केला की अमेरिकन पांढरा शंकू उचलून आणला नाही. फ्रेंचांना नासाचं काय कौतुक? त्यांना त्यांचा ज्यूल व्हर्न दिला. टिम डिलेनीचं डिझाइन. तोफेतून माणसं चंद्रावर उडवायची ही व्हर्नची १८६५ सालची कल्पना, आपल्याकडे भा. रा. भागवतांमुळे ज्यांनी लहानपणी व्हर्न वाचलाय त्यांना तर सांगायलाच नको. डोंगराच्या अंगावर बाहेरून एक भलीमोठी तोफ रेलून ठेवलीय, पितळ तांबं रिव्हेट असा सगळा थाट, आणि गाडी त्या तोफेत येऊन क्षणभर थांबते, धूर येतो, आणि धाडकन वर फेकली जाते! साखळी बिखळी नाही. आत तीनदा उलटं व्हायचं, स्पीड सत्तरच्या आसपास. रूळ डच कंपनी वेकोमाचे. गाडीत म्युझिक, स्टीव्ह ब्रॅमसनचं, खास राइडसाठी केलेलं.

२००५ ला ते बदलून मिशन २ केलं आणि २०१७ पासून हायपरस्पेस माउंटन, म्हणजे स्टार वॉर्सची थीम. तोफ बाहेर आहे तशीच, आत मात्र लेझरची मारामारी. व्हर्नच्या तोफेतून उडून स्टार वॉर्समध्ये पोचायचं, याला काय म्हणावं. थरार तेवढाच आहे, पण मला जुनंच हवं होतं, चंद्राला हसरं तोंड होतं हो आत! उंची १२० सेंमी लागते, @मोरपीस, तुमच्या पोराला घेऊन इकडे येऊ नका इतक्यात.

निळावंती:
पॅरिसची करायची आहेच एकदा. पण उलटं केलं की ती चांगली कोस्टर झाली, मग अंधार हवाच कशाला? आकाशकंदीलचा मुद्दा या बाबतीत मला पटतो, ४५ मध्ये घाबरवण्यात कौशल्य आहे, सत्तरमध्ये तोफेतून फेकलं तर कोणीपण घाबरेल.

पॅरिसची_मिसळ:
असेल कौशल्य. मी तोफेत बसते, तुम्ही कौशल्यात बसा.

खट्याळ_मंगळ:
टोकियोचं राहिलं. १९८३ ला पार्कबरोबरच सुरू झालेलं पहिलं स्पेस माउंटन ते, त्याआधी दोन्हीकडे पार्क आधी आणि हे नंतर. जुलै २०२४ अखेर बंद करून पाडलं, आता तिथे नवीन बांधतायत, २०२७ चा वायदा आहे. हाँगकाँगला पण २००५ ला पार्कबरोबरच उघडलं. शांघायला मात्र ठेवलंच नाही, तिकडे ट्रॉन नावाची कोस्टर आहे.

कुत्सितराव:
म्हणजे जपानी लोकांनी पण शेवटी पाडलंच. मी काय म्हणत होतो.

खट्याळ_मंगळ:
पाडून परत तेच बांधतायत राव, पूर्ण वाचा.

मोरपीस:
सगळ्यांचे आभार. मापलं काल पोराला, ११३ भरला, टाचा टेकवून! तो उड्या मारतोय. सासूबाईंना पीपलमूव्हरचं सांगितलं तर म्हणाल्या, "सासवडच्या त्या बाई चंद्रावर जाऊन आल्या आणि मी काय खालून बघत बसू?" आता @सासवडकर यांनीच सांगावं काय करू. आणि अल्फाला बसायचं का ओमेगाला?

आकाशकंदील:
दोन्ही जवळजवळ आरशातल्यासारखे सारखे आहेत, अल्फा फक्त दहाएक फुटांनी जास्त लांब. पोराला मधल्या सीटवर आणि तुम्ही त्याच्या मागे, म्हणजे निदान खांद्यावर हात ठेवता येतो. सकाळी पार्क उघडल्या उघडल्या आधी इकडेच पळा, दुपारी जाऊ नका. चष्मा खिशात, मोबाइल पिशवीत, खाऊन लगेच नको.

सासवडकर:
सासूबाईंना रामरक्षा पाठ आहे का ते आधी विचारा.